मोगलाईतल्या गढीत खून लिहिताना

चि. सोनूस,

तुझ्या मालिकेच्या पहिल्या भागाची संहिता मिळाली. पेन्सिल हातात घेऊन सावकाश वाचली. तुळजापूरकडची गढी, १९३०चं दशक, दसऱ्याच्या रात्री दुधातून विष देऊन मारलेले थोरले देशमुख, पुण्याहून मोटारीनं आलेला हुशार गुप्तहेर आणि शेवटी दिवाणखान्यात सगळ्यांना बसवून त्यानं केलेला उलगडा. कंटाळा कुठेच आला नाही. संवाद फार चांगले उतरलेत, धाकट्या सुनेचे तर विशेष. तरीही ही संहिता चॅनेलकडे देण्याआधी माझं ऐक.

माझी सगळी नोकरी अभिलेख कक्षात गेली. उर्दू आणि मोडी दप्तरं रोज हाताखालून जायची. त्या जोरावर एकच गोष्ट तुला सांगायची आहे: गढीतल्या खुनाचा उलगडा गढीच्या नियमांतून व्हायला हवा. तिथं कोण कुठवर येऊ शकतं, कोण कुणासमोर तोंड उघडू शकतं, कुणाचं म्हणणं कागदावर चढतं आणि कुणाचं चढत नाही, हे ज्याला उमगेल त्यालाच तो खून सापडेल. तुझ्या संहितेतलं घर इंग्रजी आहे. त्याला बुरूज बांधलेत आणि माणसांना फेटे घातलेत, एवढंच.

ज्या धर्तीवर तू लिहिते आहेस ती मलाही आवडते. डेव्हिड सुशे यांची पॉइरोची मालिका १९८९ साली सुरू झाली आणि २०१३ साली संपली, एकूण ७० भाग. त्या मंडळींनी एक शहाणपणाचा निर्णय घेतला होता. अगाथा ख्रिस्ती यांनी पॉइरोच्या कथा पन्नासहून जास्त वर्षं लिहिल्या, पण मालिकेनं काळ बहुतेक १९३०च्या दशकातलाच धरला. त्यामुळे मोटारी, टेलिफोन, कपडे, माणसांची रीत सगळं एकमेकांशी जुळतं आणि बघणारा त्या जगावर विश्वास ठेवतो. आपल्याकडे १९९३ साली बासू चॅटर्जींनी दूरदर्शनवर ब्योमकेश बक्षी आणला, त्यातही कलकत्ता आधी उभं राहिलं आणि खून मागून आले. तेव्हा तूही एक साल धर, एक महिना धर. नुसतं ‘तीसचं दशक’ म्हणून भागायचं नाही.

इंग्रजांच्या जमीनदारी घरात रहस्यकथा फुलली याचं कारण त्या घराच्या रीतीत होतं. शनिवार-रविवारी पाहुणे यायचे, पुरुष-बायका एका टेबलाशी जेवायच्या, जेवण झालं की एका दालनात बसायच्या. संशयित आपोआप एका जागी सापडायचे. आपल्या गढीत हे होत नाही. पुरुषांची पंगत आधी, बायकांची मागून. सोवळ्यातलं कुणी वेगळं. कारभारी सदरेवर, गडीमाणसं परसात, आणि ज्यांना उंबरा ओलांडायची मुभाच नाही ती देवडीबाहेर. घरातल्या सुनेनं परक्या पुरुषासमोर बसून जबाब देणं हेच त्या घरात आक्रीत ठरेल. मग तुझा गुप्तहेर सगळ्यांना एका दिवाणखान्यात बसवणार तरी कसा? माझ्या मते बसवूच नये. उलगडा तुकड्यातुकड्यांनी होऊ दे. माजघरात एक भाग, देवडीवर दुसरा, वस्तीत तिसरा. सगळे तुकडे एकत्र पाहणारा फक्त प्रेक्षक असला तर काय बिघडतं? तुझ्या मालिकेला स्वतःचा घाट यातूनच मिळेल.

आता गढीकडे ये. पांढरीच्या मातीचा उंच चबुतरा, चार बुरूज, खिळ्यांचा दरवाजा, आत देवडी, मग सदर, मग चौक, त्यामागं माजघर, भिंतीत बळद, परसात आड. ही सगळी नावं तुझ्या संहितेत आलीत, पण शोभेसाठी. त्यांतल्या एकाशीही कथेचं काम पडत नाही. आणि सगळ्यांत कामाची जागा तू वगळलीस, ती म्हणजे पेव.

पेव तू पाहिलेलं नाहीस, म्हणून जरा सविस्तर लिहितो. जमिनीत खोल खणलेला ज्वारीचा साठा. तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढं, आत पोट रुंद. तळाला आणि कडेला कडबा-भुसा लावायचा, ज्वारी ओतायची, वर शिळा ठेवून मातीनं लिंपून टाकायचं. पावसाळाभर बंद राहिलेलं पेव उघडलं की जाणता माणूस लगेच आत उतरत नाही. तोंड मोकळं ठेवतो, वारं खेळू देतो, मग दोरीला कंदील बांधून खाली सोडतो. कंदील विझला तर उतरायचं नाही. बंद जागेत धान्य श्वास घेत राहतं, प्राणवायू संपवतं आणि जड वायू तळाशी साचतो. वास नाही, रंग नाही. उतरलेला माणूस दोन-चार श्वासांत आडवा होतो, आणि त्याला काढायला घाईनं उतरलेला दुसराही तिथंच राहतो. अंगावर जखम नाही, तोंडाला फेस नाही. बाहेरचा माणूस म्हणेल, हृदय बंद पडलं.

दुधातल्या विषापेक्षा हे शंभरपटीनं आपलं आहे. आता प्रश्न बदलतात. पेव उघडायचा हुकूम कुणी दिला? ते आदल्या दिवशी उघडलं होतं की त्याच दिवशी? कंदील सोडला होता का, आणि सोडला असेल तर तो कुठं आहे? देशमुखासारखा माणूस स्वतः पेवात का उतरेल? ज्वारी काढायला खचितच नाही. आत काहीतरी ठेवलेलं होतं म्हणून. आणि हे सगळं ज्याला एका नजरेत कळेल तो पेव उघडणारा सालगडी. त्याला कुणी विचारायला जात नाही. तुझा पहिला भाग मी इथंच संपवला असता.

दसऱ्याची रात्रही बदल. तुळजापूरच्या देवीशी मानपान असलेलं घराणं दसऱ्याला गढीत नसतं, सीमोल्लंघनाला तुळजापुरात असतं. तुला हवी आहे अशी वेळ की गढी आणि गाव ओस पडेल आणि तरी कुणाला संशय येणार नाही. ती वेळ आपल्या भागाला वर्षातून एकदा मिळते, येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येला. त्या दिवशी घरटी माणूस रानात जातो. कडब्याची खोप, तिच्यात लक्ष्मी, भज्जी, उंडे, आंबिलाचा माठ, आल्यागेल्याला आग्रह. गावात उरतात ते म्हातारे, आजारी आणि ज्यांना काही कारण आहे ते. प्रत्येक संशयिताकडे साक्षीदार असतो, कारण दिवसभर लोक एका खोपीतून दुसऱ्या खोपीत जेवायला फिरत असतात. त्याच गर्दीमुळे तासभर कोण नव्हतं हे कुणालाच नेमकं सांगता येत नाही. आणि रात्र अमावास्येची. लातूर-धाराशिवबाहेरच्या महाराष्ट्राला हा सण फारसा माहीत नाही. तो पडद्यावर आणण्याचं भाग्य तुला मिळतं आहे, ते सोडू नकोस.

सालही मी सुचवतो: १९३८, डिसेंबर. निजामाच्या कागदावर १३४८ फसलीचा बहमन महिना. हैदराबादचं फसली वर्ष तेव्हा ऑक्टोबरात आजुरपासून सुरू व्हायचं, त्यानंतर दै, मग बहमन. गावात शक आणि तिथी, कचेरीत फसली, बार्शी-सोलापुरात इंग्रजी तारीख. एकाच दिवसाला तीन नावं. खरेदीखतावरची तारीख आणि सावकाराच्या वहीतली तिथी यांचा मेळ घालणं हाच एका भागाचा तपास होऊ शकतो. असे मेळ घालण्यात माझी वर्षं गेली आहेत. त्यात लबाडी पकडली गेली की काय आनंद होतो ते तुझ्या पात्राच्या चेहऱ्यावर दिसू दे.

साल नेमकं धरायला आणखी एक कारण आहे. त्या ऑक्टोबरात हैदराबाद स्टेट काँग्रेसनं सत्याग्रह सुरू केला आणि डिसेंबर सरता सरता तो थांबवला. आर्य समाजाचा सत्याग्रहही त्याच हंगामातला. म्हणजे तुझा खून झाला तेव्हा कोतवालीचं सगळं लक्ष टोपीवाल्यांवर. आपल्या जिल्ह्यातल्या हिप्परग्याला १९२१ पासून राष्ट्रीय शाळा होती, स्वामी रामानंद तीर्थांनी तिथं शिकवलेलं आहे. त्या शाळेत शिकलेला एखादा तरुण गढीच्या आसपास दिसला, की कोतवालीच्या अमिनाला, म्हणजे तिथल्या फौजदाराला, खुनी आयताच मिळाला. हा फसवा धागा खरा वाटेल, कारण तो त्या काळात खराच लागला असता.

आता तुझ्या पुण्याच्या गुप्तहेराविषयी. त्याला रजा दे. तुळजापूर, नळदुर्ग, परंडा, कळंब हा मुलूख निजामाचा, आपले लोक त्याला मोगलाई म्हणत. पुणे, सोलापूर, बार्शी इंग्रजांची. पुण्याच्या माणसाला इथं शिपायालाही प्रश्न विचारायचा अधिकार नव्हता. हैदराबादचा रुपया वेगळा, टपालाची तिकिटं वेगळी, दरबारची आणि कोर्टाची भाषा उर्दू. हद्दीवर करोडगिरीचे नाके, तिथं मालाची नोंद आणि जकात. निजामाचे सुमारे ७ हाली रुपये म्हणजे इंग्रजांचे ६ कलदार. मयताच्या कनवटीला हाली असायला हवेत आणि सापडतात कलदार, एवढ्यावरून तो शेवटचा व्यवहार कुणाशी करून आला हे कळू शकतं. बार्शी लाइट रेल्वेची अरुंद गाडी १९११ पासून लातूरपर्यंत जात होती, आणि ती वाटेत कसबे तडवळ्यावरून हद्द ओलांडायची. खुनी त्या गाडीत बसून बार्शीला उतरला की मोगलाईच्या पोलिसाचा हात तिथं संपला. मग लिखापढी, हस्तांतराची मागणी, महिने. शिवाराच्या पलीकडं दुसरं राज्य आहे ही जाणीव त्या काळच्या प्रत्येक माणसाच्या वागण्यात मुरलेली होती. तुझ्या पात्रांत ती अजून नाही.

हद्दीमुळे तुला खुनाचं कारणही मिळतं. इंग्रजी मुलखात १९३७ साली हिंदू विधवेला नवऱ्याच्या मिळकतीत मुलाबरोबरीचा वाटा देणारा कायदा आला, तिच्या हयातीपुरता का होईना. हैदराबाद संस्थानात तो लागू नव्हता. आता असं धर की देशमुखांची गढी आणि जमीन मोगलाईत, पण बार्शीच्या पेठेत त्यांचं एक घर आणि आडतीचं दुकान. देशमुख मेले तर गढीवर थोरल्या पत्नीला अन्नवस्त्रापलीकडं काही नाही, बार्शीच्या घरादुकानात मात्र वाटा आहे. एकाच मरणानं एकीकडं बाई परावलंबी होते आणि दुसरीकडं मालकीण. कुणाला कशात रस आहे हे हद्दीच्या कुठल्या बाजूनं बघता यावर ठरतं. त्यात जहागिरीचा भाग असेल तर वारस म्हणून दरबाराकडून विरासत मंजूर करून घ्यावी लागायची, म्हणजे दत्तकाचा वाद आलाच. मिळकतीच्या कारणानं झालेला खून लिहायचा तर मिळकत आधी नीट समजून घे, असं मी तुला कळकळीनं सांगतो. दप्तरात मी जे रक्त पाहिलं ते जवळजवळ सगळं बांधावरून आणि वारसावरून सांडलेलं होतं.

मग तपास कुणी करायचा? कोतवालीच्या अमिनानं. हैदराबादकडचा, उर्दू-फारसी शिकलेला, मराठी ऐकून समजणारा पण बोलताना अडणारा. त्याच्या हाताखाली एक मुहर्रिर, जो मराठी जबाब उर्दूत उतरवून घेतो. जबाब देणारा खाली अंगठा देतो, आणि वर काय लिहिलं आहे हे त्याला कधीच कळत नाही. गावात पोलीस पाटील देशमुखांच्याच भावकीतला. अमिनाच्या वर मोहतमीम, आणि जिल्ह्याचा अव्वल तालुकदार, म्हणजे कलेक्टर, देशमुखांकडं शिकारीला आलेला. या दाबाखाली तो प्रामाणिक राहतो की नाही, ही गोष्ट खुनी कोण यापेक्षा मला जास्त बघावीशी वाटेल. आणि आत्ताच्या दिवसांत एक मुसलमान पोलीस अधिकारी मराठी मालिकेचा सचोटीचा नायक झालेला मला बघायचा आहे. कागदपत्रांत असे अधिकारी मला भेटले आहेत. अर्ज गरिबाचा म्हणून बाजूला न टाकता तीन-तीन वेळा चौकशीला गेलेले. त्यांचं कुणी काही लिहीत नाही.

अमिनाची कोंडी कशी रंगवावी हे पाहायचं तर इंग्लंडातला रोड हिलचा खटला वाच. जमीनदारी घरातल्या खुनाच्या सगळ्या कथांच्या मुळाशी तो आहे. १८६० साली जूनअखेरीस रोड नावाच्या गावात, केंट कुटुंबाच्या मोठ्या घरातून तीन वर्षांचा मुलगा रात्रीतून नाहीसा झाला आणि गळा चिरलेला सापडला. लंडनहून विचर नावाचा डिटेक्टिव्ह आला. त्यानं धुण्याची यादी पाहिली. घरातली सोळा वर्षांची मुलगी कॉन्स्टन्स, तिचा एक झोपताना घालायचा झगा यादीत होता आणि घरात नव्हता. विचरनं तिला अटक केली. साऱ्या देशानं त्याच्यावर तोंडसुख घेतलं: खालच्या थरातला एक पोलीस घरंदाज मुलीवर असा आळ घेतो कसा, तिचे कपडे मोजतो कसा! मुलगी सुटली, विचरचं नाव धुळीला मिळालं. १८६५ साली तिनं स्वतः कबुली दिली. विल्की कॉलिन्स यांनी १८६८च्या ‘द मूनस्टोन’मध्ये याच खटल्याचा धागा उचलला आणि पुढे सगळे त्या वाटेनं गेले.

आता धुण्याची यादी आपल्या गढीत कुणाजवळ असते? परटिणीजवळ, आणि तोंडपाठ. कुणाचं लुगडं किती, कुणाचं धोतर कुठं फाटलं, कुठल्या महिन्यात कुठल्या सुनेचे कपडे वेगळे आले नाहीत, तिला सगळं ठाऊक. गढीत कुणाला दिवस गेलेत हे घरच्या पुरुषांआधी तिला कळतं. येळवशीच्या दुसऱ्या दिवशी एक धोतर धुण्यात आलं नाही, किंवा आलं ते आधीच आडावर घाईघाईनं धुतलेलं, घोळाला पेवाच्या तोंडची लिंपणाची माती तशीच. ती काही बोलणार नाही. का बोलणार नाही, हा तुझ्या लेखणीचा कस लागण्याचा प्रसंग. तिचं बलुतं त्या घरावर. वर्षाची ज्वारी खळ्यावर त्याच हातून मिळायची. खरं बोलली तर पोरं काय खातील? अमिनाला आधी हे समजावं लागेल, तेव्हा तो तिला कचेरीत बोलावणं सोडून नदीच्या धुण्याच्या दगडाजवळ जाऊन उभा राहील. त्या प्रसंगात पार्श्वसंगीत नको. कपडे आपटल्याचा आवाज पुरे.

देवडीवरच्या येसकराचंही तेच. गावात कोण आलं, कोण गेलं, कुणाची गाडी रात्री कुठं सुटली याची माहिती त्याच्या कामाचाच भाग होती. शिवेचा वाद पडला की महाराची साक्ष मोलाची मानत, आणि तोच माणूस सदरेची पायरी चढू शकत नव्हता. तुझ्या संहितेत तो दोनदा येतो आणि दोन्ही वेळा ‘जी सरकार’ म्हणून जातो. त्याला इतकं मुकं ठेवू नकोस. तुझ्या कथेनंतर दोनच वर्षांनी, फेब्रुवारी १९४१मध्ये, कसबे तडवळ्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकर महार-मांग वतनदार परिषदेला आले होते. म्हणजे तुझ्या येसकराच्या मनात वतनाविषयी, वेठीविषयी काहीतरी खदखदत असणारच. त्याचा मुलगा बार्शीला गिरणीत असू दे, त्यानं बापाला काही वाचून दाखवलेलं असू दे. हा माणूस अमिनाला माहिती देतो ती मालकाच्या इमानानं किंवा भीतीनं नव्हे, आपला निर्णय म्हणून देतो. असं झालं तर मालिका उंचीवर जाईल.

आणि तो पारधी काढून टाक. चौथ्या प्रसंगात रानात पळताना सापडलेला, खुनी वाटणारा आणि नंतर निर्दोष ठरणारा. इंग्रजी मुलखात १८७१च्या कायद्यानं जमातीच्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या, १९५२ साली तो शिक्का कायद्यानं पुसला, पण आपल्या जिल्ह्यात कुठं चोरी झाली की आजही पहिली गाडी पारध्यांच्या पालाकडं वळते. तुला प्रेक्षकाचा गोंधळ उडवायचा म्हणून तू त्याला दोन प्रसंग पळवतेस, आणि प्रेक्षकाच्या मनात आधीच बसलेलं घट्ट होतं. ठेवायचाच असेल तर त्याच्यावरच्या माराचा हिशोब कुणीतरी विचारला पाहिजे, आणि तो विचारणारा माणूस तुझ्या कथेत महत्त्वाचा असला पाहिजे.

भुताचाही मोह नको. चॅनेलवाले म्हणतील, ‘रात्रीस खेळ चाले’ २०१६ साली कोकणातल्या वाड्यात किती चालली बघा. ती त्या मातीतली होती, तिचं तिला लखलाभ. आपल्या पडक्या गढ्यांवर लोक भुतापेक्षा गुप्तधनाच्या नादानं जातात, रात्री खणतात, आणि त्या नादात नरबळीपर्यंत गेलेले प्रकार महाराष्ट्रानं पाहिलेत. २०१३ साली त्याविरुद्ध कायदा करावा लागला. तपासाची गोष्ट सांगणाऱ्यानं शेवटी देवऋषीच्या हाती किल्ली देऊ नये.

प्रेताचं काय करणार, याचा विचार तू केलेला दिसत नाही. घराणं मराठा किंवा ब्राह्मण असेल तर अमीन येईपर्यंत राख झालेली असेल. तालुक्याहून घोड्यावर निघालेला माणूस पोचेपर्यंत कोण थांबणार? घराणं लिंगायत असेल, आणि आपल्याकडं लिंगायत देशमुख-पाटील पुष्कळ, तर समाधी दिलेली असेल. शरीर मातीत बसलेल्या स्थितीत आहे. म्हणजे उकरायचं की नाही हा पेच उभा राहतो आणि त्यावर गाव पेटू शकतं. एवढ्या एका निवडीनं तुझे चार भाग बदलतील. मला विचारशील तर लिंगायत घराणं घे.

वाचनाचं म्हणशील तर घरचंच एक नाव सांगतो. नळदुर्गाच्या किल्ल्यात कर्नल मेडोज टेलर राहून गेला. १८५३च्या तहानं हा मुलूख काही वर्षं कंपनीकडं गेला होता, १८६० साली निजामाला परत मिळाला. त्या दरम्यान तो इथला कारभार पाहत होता. त्याआधीच, १८३९ साली, त्यानं ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ लिहिली होती. गुन्हेगाराच्या तोंडून गुन्हा सांगणाऱ्या सुरुवातीच्या मोठ्या इंग्रजी कादंबऱ्यांतली ती एक. पुढे १८६३ साली ‘तारा’ लिहिली, तिची नायिका तुळजापूरची. ठगांची कादंबरी वाचताना एक लक्षात ठेव. ठगांविषयीची बरीचशी माहिती माफीच्या साक्षीदारांच्या जबाबांतून आलेली आहे, आणि गळ्यातला फास चुकवायला माणूस समोरच्याला हवं ते सांगतो. टेलरचा ठग किती रंगवून बोलतो ते बघ. मग तुझ्या मालिकेतल्या प्रत्येक कबुलीजबाबाकडं परत जा आणि तो कुणाला खूश करायला दिला आहे ते तपास.

शेवटचं. तू फोनवर म्हणालीस, चॅनेलला दुसरा हंगाम १९४८चा हवा आहे, रझाकार, पोलीस ॲक्शन, गढी पेटलेली. तिथं फार जपून. १३ सप्टेंबरला भारतीय फौज सोलापूरकडून आली आणि नळदुर्गाजवळ बोरी नदीवरचा पूल तिनं ताब्यात घेतला, त्या दिवशी लोकांनी सुटकेचा श्वास घेतला हे खरं. रझाकारांनी गावं जाळली, माणसं मारली, हेही खरं. आणि त्यानंतरच्या दिवसांत जे झालं तेही खरं. सरकारनंच पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीनं सगळ्यांत जास्त झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत आपला उस्मानाबाद मोजला, आणि संस्थानभर किमान २७ ते ४० हजार माणसं गेल्याचा अंदाज दिला. तो अहवाल कितीतरी दशकं दाबून राहिला. तुझा अमीन त्या सप्टेंबरात कुठं असेल? या प्रश्नाला तोंड द्यायची तुझी आणि चॅनेलची तयारी असेल, तरच दुसऱ्या हंगामाला हात घाल. इतक्या मरणांचा पडदा करून त्याआड एक घरगुती खून लपवायचा आणि शेवटी चलाखीनं काढून दाखवायचा, हे मला सहन होणार नाही. आपल्या आजूबाजूच्या गावांत ज्यांची माणसं त्या वर्षी गेली त्यांची नातवंडं तुझी मालिका बघणार आहेत, दोन्ही बाजूंची.

येत्या वेळ अमावास्येला इकडे ये, आणि दिग्दर्शकालाही आण. आपण रानात जेवू. नंतर तुला नळदुर्ग दाखवतो, आणि तेरला लामतुरे यांच्या संग्रहातून उभं राहिलेलं वस्तुसंग्रहालयही. देशमुखांनी पेवात काय दडवलं होतं हे ठरवायला ते उपयोगी पडेल. गढी जुन्या तगरच्या, म्हणजे तेरच्याच, शिवारात असेल तर नांगराला लागलेल्या वस्तू आणि त्यांचे बाहेरगावचे गिऱ्हाईक या दिशेनंही विचार कर. एक जुना सालगडी माझ्या ओळखीचा आहे, त्याच्या वडिलांनी पेवं भरलेली आहेत. त्याच्याशी बोल, आणि बोलताना मोबाइल खिशात ठेव.

तोवर सगळी संहिता नव्यानं लिहीत बसू नकोस. अमीन आणि परटीण यांचा नदीवरचा एवढा एकच प्रसंग लिहून पाठव. पहिल्या भेटीत ती काही सांगत नाही, असा लिही. फसली तारखांचं कोष्टक आणि उर्दू जबाबाचा जुना नमुना मी वेगळ्या लिफाफ्यात घातला आहे, नमुन्यातली नावं झाकली आहेत. तुझ्या आईला सप्रेम नमस्कार.

तुझा,
मामा
धाराशिव